बेडकाच्या अंगातलं पाणी ऋतूप्रमाणे जागा बदलतं, मीठ त्यामानाने कमी बदलतं

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रकल्पासाठी जुने युरोपीय शोधनिबंध वाचताना ‘विंटर फ्रॉग’ आणि ‘समर फ्रॉग’ यांच्या स्नायूंमधले सोडियम, पोटॅशियम आणि पाण्याचे आकडे वेगवेगळे असल्याचं तिच्या लक्षात आलं. हा फरक का पडतो, आपल्याकडच्या बेडकात तसंच घडतं का, आणि घडत असेल तर बेडकाचा स्नायू ज्यात ठेवतात ते प्रयोगशाळेतलं ०.६५ टक्क्यांचं मिठाचं द्रावण बाराही महिने कसं काय चालतं, असं तिने विचारलं आहे.

मी तीसेक वर्षं महाविद्यालयात प्राणिशरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं बेडकाच्या संगतीत गेली. कायमोग्राफचा, म्हणजे स्नायूची हालचाल रेखाटणाऱ्या यंत्राचा, काजळी धरलेला ड्रम, पोटरीचा स्नायू, त्याला जोडलेला मांडीचा मज्जातंतू आणि टेबलावर पसरलेलं द्रावण हेच आमचं प्रॅक्टिकल. तेव्हा तुमच्यासारखाच गोंधळ माझाही झाला होता. आज माझं मत असं आहे की जुन्या आकड्यांतला फरक खोटा नाही, पण त्याचा अर्थ ‘पेशीतलं मीठ बदललं’ असा लावला की आपण फसतो. ऋतू पालटला की मुख्यतः पाण्याची जागा बदलते. ते कधी मूत्राशयात असतं, कधी कातडीखालच्या लसीकेच्या (रक्तातून झिरपणाऱ्या पाणचट द्रवाच्या) पिशव्यांत, कधी पेशींच्या मधल्या फटींत. एवढं धरून ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आधी बेडकाची रोजची कसरत पाहू. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागी पोट आणि मांड्यांची आतली बाजू टेकवून बसतो आणि तिथल्या पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या त्वचेतून पाणी ओढून घेतो. रॉबर्ट टाउनसन नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने हे १७९०च्या दशकात पाळीव बेडकांवर पाहून लिहून ठेवलं. मूत्राशयातलं पाणी ही बेडकाची साठवण असावी, हेही त्यानेच ताडलं होतं. आता आकडे घ्या. बेडकाच्या रक्तद्रवाची संहती, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या कणांची दाटी, किलोमागे साधारण २०० ते २५० मिलिऑस्मोल (हे त्या कणांचं माप) असते आणि त्यात सोडियम १०० ते ११० मिलिमोल. माणसात हेच आकडे २९० आणि १४० च्या आसपास असतात. तळ्याच्या गोड्या पाण्याची संहती मात्र जेमतेम काही मिलिऑस्मोल. म्हणजे पाण्यात बसलेल्या बेडकाच्या अंगात परासरणाने, म्हणजे विरळ बाजूकडून दाट बाजूकडे, पाणी सतत शिरतच राहणार. त्याची मूत्रपिंडं गळक्या होडीतून पाणी उपसावं तशी ते बाहेर काढत बसतात. उबदार पाण्यातला बेडूक दिवसाला स्वतःच्या वजनाच्या चौथाई ते तृतीयांश एवढं मूत्र सहज करतो.

पाणी उपसताना थोडं मीठही जातं, थोडं त्वचेतून झिरपतं. ते परत मिळवायची सोयही त्वचेतच आहे. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोघ यांनी १९३०च्या दशकात दाखवलं की मिठाला मुकलेला बेडूक अतिशय विरळ द्रावणातूनही क्लोराइड आणि सोडियम खेचून घेतो. पुढे त्याच शहरात हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवला. त्वचेतून वाहणारा विद्युतप्रवाह म्हणजे जवळजवळ सगळा सोडियमचाच ओघ आहे, हे १९५१ साली झेरान यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलं. आज आतड्यावर आणि मूत्रपिंडावर काम करणारे लोक ज्या ‘उसिंग चेंबर’चं नाव घेतात, त्याचं मूळ या बेडकाच्या कातड्यात आहे.

मूत्राशयाचं महत्त्व मात्र पुस्तकात दोन ओळींत उरकतात, आणि तिथेच ऋतूंचं अर्धं रहस्य दडलेलं आहे. बेडूक हातात धरला की तो पटकन तळहातावर पाणी सोडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. मुलांना किळस येते. ते पाणी चाखून बघा असं मी कुणाला सांगणार नाही, पण ते जवळजवळ गोडं पाणीच असतं. कागदावर एक हिशेब करा. मूत्राशय रिकामं केलेला १०० ग्रॅमचा बेडूक घ्या. त्यात पाणी ८० ग्रॅम आणि संहती २३० धरा. अंगात एकूण १८.४ मिलिऑस्मोल विद्राव्य, म्हणजे विरघळलेला पदार्थ, झालं. त्याने ३० ग्रॅम पाणी गमावलं तर उरलेल्या ५० ग्रॅममध्ये तेच विद्राव्य दाटतं आणि संहती ३६८ वर जाते. आता त्याच बेडकाच्या मूत्राशयात ३० ग्रॅम विरळ मूत्र आहे असं समजा, संहती ६०. म्हणजे १.८ मिलिऑस्मोल जास्तीचे. तोही ३० ग्रॅमच गमावतो. उरलं ८० ग्रॅम पाणी, विद्राव्य २०.२. संहती फक्त २५२ किंवा २५३. दोघांनी सारखंच पाणी गमावलं, पण एकाच्या स्नायूंना झळ बसली आणि दुसऱ्याच्या पेशींना पत्ताही लागला नाही. म्हणूनच बेडकावर काम करणारे लोक आधी मूत्राशय रिकामं करून ‘प्रमाण वजन’ घेतात आणि पुढची प्रत्येक घट त्याच्याशी ताडून पाहतात. ही पायरी वगळलेला ऋतुबदलाचा कोणताही तक्ता मी गंभीरपणे घेत नाही.

आता तुमच्या शोधनिबंधांतल्या बेडकांकडे वळू. ते बहुतेक राना टेम्पोरारिया किंवा राना एस्क्युलेंटा या युरोपीय जातींचे आहेत. यातला राना टेम्पोरारिया पुष्कळदा तळ्याच्या किंवा ओढ्याच्या तळाशी, बर्फाखालच्या ३-४ अंश तापमानाच्या पाण्यात हिवाळा काढतो. महिनोन् महिने काही खात नाही, श्वासही त्वचेतूनच घेतो. म्हणजे त्याच्यासमोरचं संकट कोरडेपणाचं नसून पाणी जास्त होण्याचं आहे. थंडीत त्वचेतून पाणी शिरण्याचा वेग उतरतो हे खरं, पण मूत्रपिंडंही मंदावतात आणि त्वचेतून सोडियम आत खेचणारा पंपही. परिणाम असा की बेडूक थोडा फुगतो, रक्तद्रव विरळ होतो आणि जास्तीचं पाणी लसीकेच्या पिशव्यांत आणि शरीरपोकळीत साठून राहतं. बेडकाची कातडी आपल्यासारखी मांसाला चिकटलेली नसते. तिच्याखाली मोठमोठ्या पिशव्या असतात आणि त्यांतली लसीका रक्तात परत ढकलायला वेगळी लसीका-हृदयंही असतात. कातडी चिमटीत धरली की ती सैल अंगरख्यासारखी उचलली जाते ते यामुळेच. हिवाळी बेडकाच्या या अंगरख्यात पाणी भरलेलं असतं. वसंतात पाणी तापलं की मूत्रपिंडं जागी होतात आणि तो थोड्या अवधीत बरंच वजन मूत्रावाटे टाकून देतो.

हे सगळं स्नायूच्या विश्लेषणात कसं दिसतं ते बघा, कारण तुमची अडचण नेमकी इथे आहे. हिशेबासाठी सोपे आकडे घेते. एक किलो ताज्या स्नायूत १५ टक्के द्रव पेशींच्या बाहेर आहे आणि त्यात सोडियम १०५. पेशींच्या आतलं पाणी ६३ टक्के, त्यात सोडियम १० आणि पोटॅशियम १२५. एकूण सोडियम आलं २२ आणि पोटॅशियम ७९ मिलिमोल. आता हिवाळ्यात पेशींमधल्या फटींत थोडं पाणी शिरलं, बाहेरचा द्रव २२ टक्के झाला आणि विरळ होऊन त्यातलं सोडियम ९५ वर आलं. पेशीच्या आत काहीच बदललं नाही असं धरू. प्रत्यक्षात ती थोडी फुगेल, तो भाग सोडून देऊ. आता किलोमागे सोडियम येतं जवळजवळ २७ आणि पोटॅशियम ७२. तक्त्यात काय दिसलं? हिवाळ्यात स्नायूत सोडियम वाढलं, पोटॅशियम घटलं. वाचणारा म्हणणार, थंडीत पेशीतून सोडियम बाहेर काढणारा पंप ढिला पडला, सोडियम आत घुसलं आणि पोटॅशियम गळालं. खरं तर पेशी होती तशीच आहे, फटींत पाणी आलं इतकंच. रक्तातलं सोडियम तर उलट कमीच झालंय.

थंडीत पंप खरोखर मंदावतो, आणि पेशीत सोडियम खरोखर थोडं वाढू शकतं. पण ते सिद्ध करायचं तर पेशीबाहेरची जागा इन्युलिनसारख्या पेशीत न शिरणाऱ्या पदार्थाने मोजून वजा करावी लागते. आकडा ‘ओल्या वजनामागे’ न देता ‘कोरड्या वजनामागे’ आणि ‘पेशीतल्या पाण्याच्या किलोमागे’ असा दोन्ही रीतींनी द्यावा लागतो. तुमच्याकडच्या शोधनिबंधांतल्या तक्त्यांखालच्या बारीक ओळी पुन्हा वाचा. अर्धे विरोधाभास तिथेच मिटतील.

दुसरी गोम ‘हिवाळी’ या शब्दात आहे. त्यांचा हिवाळी बेडूक म्हणजे थंडीने गारठलेला, शिवाय उपाशी, शिवाय कित्येकदा प्रयोगशाळेच्या टाकीत आठवडेच्या आठवडे ठेवलेला बेडूक. त्याच्या अंडाशयात वसंताची अंडी भरलेली असतात आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन हळूहळू संपत असतं. तापमान, उपास, प्रजननाची तयारी आणि कैद या चारही गोष्टींवर मिळून एकच चिठ्ठी लावली, ‘ऋतू’. आमच्याकडेही पुरवठादार ओल्या गोणपाटात बेडूक आणून द्यायचे आणि ते हौदात पंधरा-वीस दिवस न खाता पडून असायचे. त्या काळातल्या आमच्या नोंदींवर मी आज एकही निष्कर्ष काढणार नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रातल्या बेडकाला बर्फाखालचा हिवाळा माहीतच नाही. युरोपच्या तक्त्यातला ‘समर फ्रॉग’ म्हणजे खाऊनपिऊन तुकतुकीत झालेला जुलैचा बेडूक. आपल्याकडे त्याच्या जोडीला बसतो तो पावसाळी बेडूक. त्यांचा ‘विंटर फ्रॉग’ मात्र आपल्याकडे नाहीच, फ्रिजमध्ये ठेवलेला बेडूक सोडला तर. आपल्या बेडकाची खरी कसोटी पाऊस सरल्यावर सुरू होते आणि वैशाखात टोकाला जाते.

इंडियन बुलफ्रॉग, म्हणजे होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, डबकी आटायला लागली की भातखाचराच्या बांधात, चिखलाच्या भेगांत, विहिरीच्या कपारीत शिरतो. कोकणात मे महिन्यात बांध उकरताना ढेकळाबरोबर मातकट, डोळे मिटलेला बेडूक हाती येतो, हे शेतकऱ्याला नवीन नाही. आत जाताना तो मूत्राशय भरून जातो. मग मूत्र करणं जवळजवळ थांबतं. मूत्रपिंडातलं गाळणं मंदावतं, मूत्राशयाच्या भिंतीतून पाणी आणि सोडियम दोन्ही हळूहळू रक्तात परत येतात. युरोपच्या हिवाळी बेडकाशी याची तुलना करून पाहा. तिथे पाणी जास्त, मीठ झिरपून कमी होणारं आणि द्रव विरळ. इथे मीठ बाहेर जायला वाटच नाही, पाणी तेवढं कमी होतंय आणि द्रव दाट होत चाललाय. दोघेही उपाशी आणि निश्चल असतात, म्हणून शालेय पुस्तकं शीतनिद्रा आणि ग्रीष्मनिद्रा एकाच वाक्यात बसवतात. ऊतकांच्या दृष्टीने मात्र दोन्हींच्या दिशा उलट्या आहेत.

दाट होण्यातही एक युक्ती आहे आणि मला ती नेहमीच सगळ्यात देखणी वाटत आली आहे. पाण्यातला बेडूक प्रथिनांचा कचरा युरिया करून, थोडाफार अमोनियाच्या रूपातही, मूत्राबरोबर वाहून टाकतो. मातीत पुरलेल्याला ते परवडत नाही. तो युरिया अंगातच साठू देतो. अमेरिकी वाळवंटातल्या स्कॅफिओपस काउची या बेडकात ग्रीष्मनिद्रेच्या शेवटी युरिया लिटरमागे ३०० मिलिमोलच्या घरात जातो, म्हणजे एकूण संहती दुपटीच्या वर. मिठाने संहती एवढी वाढली असती तर पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन त्या आक्रसल्या असत्या, कारण सोडियम पेशीबाहेरच अडवलेलं असतं. युरिया मात्र पेशीच्या आत-बाहेर सारखाच पसरतो. त्यामुळे पेशीचं आकारमान ढळत नाही. मातीच्या बाजूने पाहिलं तर बेडूक आता जास्त दाट झालेला असतो. लिटरमागे ३०० मिलिमोल युरियामुळे साधारण ७ वातावरणदाबाइतकी ओढ मिळते. त्या जोरावर तो, माती त्याच्याहून कोरडी होईपर्यंत, तिच्यातला ओलावा पोटाच्या त्वचेतून खेचत राहतो किंवा निदान स्वतःचं पाणी तिला देत नाही. खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा फेजेर्वार्या कॅन्क्रिव्होरा हा बेडूक हाच उपाय समुद्राच्या पाण्याशी झुंजायला वापरतो. थायलंडमधल्या या बेडकांवरचं गॉर्डन, श्मिट-नील्सन आणि केली यांचं १९६१ सालचं काम जरूर मिळवून वाचा. आपल्या बुलफ्रॉगमध्ये स्कॅफिओपसइतके आकडे गृहीत धरू नका. त्याची बिळं बहुधा ओलसर असतात आणि त्याची झोप सात-आठ महिन्यांच्या आतच संपते.

किती पाणी गमावलं तरी बेडूक जगतो, यातही जातीजातींत फरक आहे. थॉर्सन आणि स्विहला यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच जाती तपासल्या. पाण्यात राहणारे बेडूक वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी गेलं की मरत, तर कोरड्या जागी राहणारे आणि बिळं करणारे जवळजवळ निम्म्यापर्यंत तग धरत. मरण्याचं कारण पेशी सुकणं एवढंच नसतं. रक्त घट्ट होतं, हृदयाला ते ढकलणं जड जातं आणि ऊतकांना ऑक्सिजन पुरत नाही. तोवर लसीकेच्या पिशव्यांतलं पाणी रक्तात आणून बेडूक रक्ताचं आकारमान सांभाळत असतो. पुन्हा तेच, पाण्याची जागा बदलणं.

आणि मग मृगाचा पाऊस. पहिल्या मोठ्या सरीनंतर बुलफ्रॉग बाहेर येतो, डबक्यात पोट टेकवतो आणि गेलेलं पाणी काही तासांत भरून काढतो. मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीतून येणारं व्हॅसोटोसिन हे संप्रेरक त्वचेचे आणि मूत्राशयाचे दरवाजे उघडून देतं. पियूषिकेचा अर्क टोचलेले बेडूक पाण्यात ठेवले की वजनाने वाढतात, हे ब्रुन यांनी १९२१ सालीच नोंदवलं होतं. दरवाजे म्हणजे अ‍ॅक्वापोरिन प्रथिनं, हे कळायला आणखी सत्तर-पंचाहत्तर वर्षं जावी लागली. पाणी भरलं की संप्रेरक उतरतं, मूत्रपिंडं पूर्ण वेगाने सुरू होतात आणि साठलेला युरिया वाहून जातो. त्याच रात्री पिवळाधमक झालेला नर निळ्या स्वरपिशव्या फुगवून ओरडत असतो. आठवड्यापूर्वी याच प्राण्याचं रक्त किती दाट होतं हे त्याच्या आवाजावरून कुणाला सांगता येणार नाही.

मादीच्या बाबतीत आणखी एक कप्पा मोजायला विसरू नका. अंड्यांभोवतीचा जेलीचा थर अंडवाहिनीत कोरडा, दाबून भरलेला असतो. विच्छेदनाच्या काळात पावसाच्या तोंडावरची मादी डिशमध्ये उघडली की मी मुलांना बजावायचे, डिशमध्ये साधं पाणी घालू नका. एखादा ऐकायचा नाही. दहा मिनिटांत अंडवाहिनीचे पांढरे वेटोळे दुधात घातलेल्या सब्जासारखे फुगून बाकी सगळे अवयव झाकून टाकायचे. अशा मादीचं ‘शरीरातलं पाणी’ आणि नराचं ‘शरीरातलं पाणी’ एका सरासरीत घालणं म्हणजे भिजवलेले आणि कोरडे हरभरे एकत्र मोजणं.

सगळेच बेडूक जमिनीत शिरत नाहीत. उन्हाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीत किंवा मोरीच्या भिंतीला चिकटून बसलेला तपकिरी झाडबेडूक, पॉलिपेडेट्स मॅक्युलॅटस, पाहिलाय? तो पाय अंगाखाली घट्ट मुडपून बसतो आणि त्वचेतल्या ग्रंथींतून पाझरलेला स्निग्ध पदार्थ पायांनी अंगभर पुसून घेतो. या पुसण्याने त्याचं पाणी उडून जाण्याचं प्रमाण कमी होतं, हे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये मिळून दाखवलं. म्हणजे हिवाळी, उन्हाळी अशी जोडी लावतानाही जात कोणती हे आधी विचारायला हवं. मला तर वाटतं, तुमच्या प्रकल्पाला हा न्हाणीघरातला पाहुणा बुलफ्रॉगपेक्षा जास्त सोयीचा आहे.

पाण्याची जागा बदलण्याचं टोक पाहायचं असेल तर उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग पाहा. तो पाण्याखाली न जाता पालापाचोळ्याखाली झोपतो आणि चक्क गोठतो. विल्यम श्मिड यांनी १९८२ मध्ये हे जगासमोर आणलं. अंगातल्या पाण्याच्या सुमारे दोन तृतीयांश भागाचं बर्फ होतं, हृदय थांबतं. पण बर्फ पेशींच्या आत होत नाही. अवयवांतलं पाणी आधीच बाहेर येऊन लसीकेच्या पिशव्यांत आणि शरीरपोकळीत गोठतं. मागे राहिलेल्या पेशींत यकृतातून आलेलं ग्लुकोज आणि शरद ऋतूपासून साठवलेला युरिया असतो. तो युरिया आपल्या बुलफ्रॉगच्या बिळात कोरडेपणाशी लढतो, तर तिथे थंडीशी. अलास्कातले हे बेडूक उणे १६ अंशाखालीही जगल्याच्या नोंदी आहेत. अशा बेडकाचं यकृत थंडीत तोललं तर पाणी फार कमी भरेल, आणि पूर्ण बेडूक तोलला तर काहीच फरक दिसणार नाही.

आता ०.६५ टक्क्यांच्या द्रावणाबद्दल. लिटरला ६.५ ग्रॅम मीठ म्हणजे १११ मिलिमोल सोडियम क्लोराइड. बेडकाच्या रक्तद्रवाशी हे बऱ्यापैकी जुळतं. माणसासाठीचं ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन म्हणजे १५४ मिलिमोल. एका वर्षी आमच्याकडे नेमकी हीच अदलाबदल झाली. स्टोअरमधून आलेल्या बाटलीवरची चिठ्ठी कुणी वाचली नाही. पोटरीच्या स्नायूच्या आकुंचनाची उंची ड्रमवर झटक्यागणिक खाली येत गेली आणि आम्ही अर्धा तास बॅटरी, तारा, चाव्या तपासत बसलो. स्नायू आक्रसला होता, बस्स. नुसतं मीठही पुरत नाही. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना १८८२-८३ मध्ये हेच उमगलं. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात बेडकाचं हृदय छान चालायचं, ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्यात थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. म्हणून रिंगर द्रावणात मिठाबरोबर थोडं पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा बायकार्ब घालतात.

वर्षभर हेच द्रावण चालतं याचं कारण सरळ आहे. प्रयोगाआधी बेडूक पाण्याच्या हौदात असतो. तो कोणत्याही ऋतूत पकडलेला असो, एकदोन दिवस पाण्यात बसला की आपलं रक्त २२०-२३० च्या जवळ आणून ठेवतो. तुम्ही ज्याला ऋतूचा परिणाम म्हणून शोधताय तो हौदात विरघळून गेलेला असतो. बिळातून काढून थेट टेबलावर घेतलेल्या बेडकाच्या स्नायूला मात्र ०.६५ टक्के विरळ पडेल आणि स्नायू फुगेल. तिथे आधी रक्तद्रवाची संहती मोजायची आणि द्रावण तिला जुळवायचं. जुळवताना तो फरक मिठाचा आहे की युरियाचा हे पाहूनच जुळवायचं. युरियाची तूट मीठ घालून भरली तर आमच्या त्या बाटलीसारखीच गत होईल.

तुमच्या प्रकल्पापुरतं एवढं सांगते. बुलफ्रॉग वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे, आणि महाविद्यालयातलं विच्छेदनही मागे पडलं. ते योग्यच झालं. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात ताटासाठी होणारी शिकार अजून पुरती थांबलेली नाही, त्यात आपण भर घालायला नको. बेडूक न मारताही बरंच मोजता येतं. वनखात्याची आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी मिळाली की मूत्राशय रिकामं करून प्रमाण वजन घ्या. ते मूत्र टाकू नका, फ्लेम फोटोमीटरवर त्यातलं सोडियम आणि साध्या किटने युरिया काढा. ऑक्टोबर, जानेवारी, मे आणि जुलै अशा चार वेळा मोजा, आणि प्रत्येक वेळी बेडूक पकडलेल्या जागेच्या मातीचा ओलावाही लिहा. मोजमाप पकडल्यापासून तासाभरात उरका. मग त्याच बेडकाला ओल्या टीपकागदावर बसवून दर दहा मिनिटांनी वजन घ्या. मे महिन्यातला बेडूक कागदावर पोट पसरून सपाट होईल, जुलैतला बसायलाही तयार होणार नाही. तीव्र चढाची रेषा आणि आडवी रेषा एकाच आलेखावर आली की ऋतू दिसेल.

त्वचा हाताळताना मात्र दर बेडकाला नवे हातमोजे वापरा. बॅट्रॅकोकायट्रियम ही त्वचेवर वाढणारी बुरशी सह्याद्रीतही सापडली आहे. ती त्वचेतली सोडियमची वाहतूकच बिघडवते. ऑस्ट्रेलियातल्या झाडबेडकांवरच्या २००९ सालच्या अभ्यासात आजारी बेडकांच्या रक्तातलं सोडियम सुमारे पाचव्या हिश्श्याने आणि पोटॅशियम निम्म्याने उतरलेलं आढळलं होतं, आणि शेवटी हृदय थांबत होतं. तुमच्या नोंदींत एखाद्या बेडकाचं सोडियम विनाकारण फार खाली दिसलं, तर त्याला सरासरीत घेण्याआधी त्वचेचा स्वॉब तपासून घ्या.